अन्न त्यांचे, भाषा तिसऱ्याची

पोटासाठी परमुलखात जाण्यात कमीपणा काहीच नाही. पण तेथले अन्न खायचे, तेथले पाणी प्यायचे आणि तोंडात भाषा मात्र तिसऱ्याच कुणाची घोळवायची, या वृत्तीला मी उर्मटपणा म्हणतो. मेक्सिको, स्पेन, आर्जेंटिना या देशांत आज आपली शिकलीसवरली मुले नोकरीनिमित्त राहतात. चार-चार वर्षे काढूनही त्यांतले काही सांगतात, "मास्तर, इंग्रजीवर भागतं." कोणाशी भागते? कचेरीतल्या साहेबाशी भागत असेल. भाजीवालीशी, शेजारच्या म्हातारीशी, मुलाच्या शाळेतल्या बाईंशी, अपरात्री दवाखान्यातल्या परिचारिकेशी भागते काय?

आणि गंमत पाहा. हेच गृहस्थ सुटीत मुंबईस आले, की दहा वर्षे येथे राहून मराठीचे अक्षर न उच्चारणाऱ्या शेजाऱ्यावर तोंडसुख घेतात. राग रास्तच आहे. पण दादरला लावलेला न्याय ग्वादालाहाराला उतरताच कोठे जातो?

"स्पॅनिश फार अवघड," अशी सबब पुढे येते. अवघड ती भाषा नव्हे; इंग्रजीच्या खिडकीतून तिच्याकडे पाहण्याची आपली खोड अवघड आहे. मी व्याकरण शिकवणारा माणूस, म्हणून एक दाखला देतो. ‘मला आंबा आवडतो’ हे स्पॅनिशमध्ये ‘मे गुस्ता एल मांगो’. आंबे अनेक झाले, की ‘मे गुस्तान लोस मांगोस’, म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. क्रियापद आंब्याच्या मागे जाते, खाणाऱ्याच्या नव्हे. इंग्रजाला ही रचना उलटी वाटते. आपल्या घरात ती रांगणारे मूलही बोलू लागताच बोलते. निर्जीव वस्तूंना लिंग असते हे आपल्याला नवे नाही. आपली तीन, त्यांची दोनच. ‘तू’ आणि आदरार्थी ‘उस्तेद’ यांतला भेद आपल्याला कोणी शिकवायला नको. दातांना जीभ लावून म्हणायचा ‘त’ आपल्या बाराखडीत आहे. तरी आमचे वीर ‘ताको’ला ‘टाको’ म्हणतात!

सगळेच सोपे आहे असे मी म्हणत नाही. आपल्या एका ‘आहे’साठी त्यांच्याकडे ‘सेर’ आणि ‘एस्तार’ अशी दोन क्रियापदे आहेत. ‘तो शिक्षक आहे’ याला एक, ‘तो घरी आहे’ याला दुसरे. तेथे घाम गाळावाच लागेल. मग गाळा की!

वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे यांनी तो गाळला. गदर चळवळीतला हा क्रांतिकारक १९२४ साली मेक्सिकोत पोचला. इंग्रजी त्यांना येत नव्हती काय? ते तर अमेरिकेत शेतकी शिकलेले. तरी चापिंगोच्या शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्यावरचे संशोधन त्यांनी स्पॅनिशमध्ये छापले, गरीब शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभारल्या. दिएगो रिव्हेरा यांनी तेथील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर त्यांना रंगवले. ‘इंग्रजीवर भागतं’ म्हणणाऱ्याला कोणत्या भिंतीवर जागा मिळेल?

"मुले मराठी विसरतील," असेही भय घातले जाते. घरात मराठी बोला, म्हणजे नाही विसरणार. मराठी मारायला स्पॅनिश लागत नाही; आईबापांचा आळस पुरेसा होतो.

शेवटी ज्या पगारासाठी एवढा समुद्र ओलांडलात, त्या शब्दाचेच पाहा. ‘पगार’ आपल्याकडे पोर्तुगीजांच्या तोंडून आला. पोर्तुगीजची सख्खी बहीण स्पॅनिश. तिच्यातही ‘पागार’ आहे, आणि त्याचा अर्थ घेणे नव्हे, चुकते करणे. त्या मातीचे घेणे भरपूर झाले. आता देणे चुकते करायला लागा.