मेन्लो पार्कची माती

श्री. हेन्री फोर्ड यांस,


हे पत्र तुमच्यापर्यंत पोचणार नाही. तुम्ही १९४७ सालीच गेलात. पण मिशिगनमधल्या डिअरबॉर्नच्या तुमच्या संग्रहालयात जाऊन आलेली आमची कितीतरी मंडळी "एडिसनची खरी प्रयोगशाळा पाहून आलो" असं मला आनंदानं सांगतात, त्यांनी तरी हे वाचावं. मी न्यू जर्सीत, एडिसन गावात राहते. ज्या टेकडीवर ती प्रयोगशाळा होती, ती माझ्या घरापासून गाडीनं काही मिनिटांवर आहे, आणि त्या टेकडीवर आज प्रयोगशाळा नाही. ती तुम्ही मिशिगनला नेलीत. त्याचं दुःख मला अनेक वर्षं आहे आणि आज ते तुमच्या नावानंच लिहायचं आहे.

१८७६ साली थॉमस एडिसन इथं आले तेव्हा मेन्लो पार्क म्हणजे रेल्वेच्या रुळांजवळची मोजकी घरं होती. त्यांनी शंभर फूट लांब, तीस फूट रुंद अशी दुमजली लाकडी इमारत बांधली. १८७७ च्या डिसेंबरात तिथं माणसाचा आवाज यंत्रातून परत ऐकू आला. १८७९ च्या ऑक्टोबरात जाळून कोळसा केलेल्या सुताचा दिवा काही तास तेवत राहिला, आणि त्याच वर्षाच्या शेवटच्या रात्री तो प्रकाश बघायला लोकांनी इतकी गर्दी केली की पेनसिल्व्हेनिया रेल्वेला जादा गाड्या सोडाव्या लागल्या. विजेच्या गोळ्यांनी उजळलेला जगातला पहिला रस्ता आमचा क्रिस्टी स्ट्रीट, असं इथं अभिमानानं सांगतात. पुढे एडिसन न्यूयॉर्कला गेले, मग वेस्ट ऑरेंजला, आणि टेकडी ओस पडली.

तुमची बाजू मला ठाऊक आहे, आणि ती खोटी नाही. त्या इमारतींत कोंबड्या पाळल्या गेल्या. आजूबाजूच्या लोकांनी फळ्या काढून आपापल्या घरांना लावल्या. एक इमारत जळाली, आणि १९१३ च्या सुमारास वादळात प्रयोगशाळाही कोसळली. त्या काळात या गावानं स्वतःहून काही वाचवलं नाही. तुम्ही आलात, विखुरलेल्या फळ्या शोधून गोळा केल्यात, जमीन खणून फुटक्या काचा आणि टाकलेले तुकडे वेचलेत. तुम्ही डेट्रॉइटच्या एडिसन कंपनीत इंजिनिअर असताना, १८९६ साली, एडिसननी तुमच्या मोटारीच्या कल्पनेला शाबासकी दिली होती, आणि ती तुम्ही जन्मभर विसरला नाहीत. तुम्ही हे प्रेमानं केलंत यात मला शंका नाही. म्हणून तर जास्त लागतं. वैऱ्यानं नेलं असतं तर निदान त्याच्याशी भांडता आलं असतं.

पण फोर्डसाहेब, मातीसुद्धा? रेल्वेचे सात डबे भरून आमच्या टेकडीची तांबडी माती तुम्ही मिशिगनला नेलीत, पुन्हा उभारलेली प्रयोगशाळा न्यू जर्सीच्याच जमिनीवर उभी राहावी म्हणून. अंगणातल्या हिकरीच्या झाडाचा बुंधाही नेलात. एडिसनची माणसं जिथं जेवत-झोपत ते सारा जॉर्डनबाईंचं घर तर अख्खंच्या अख्खं नेलंत. माती न्यावीशी वाटली, याचा अर्थ तुम्हाला स्वतःलाही कळलं होतं की ही वास्तू जागेपासून तोडता येत नाही. ज्याला हे कळत नाही त्याला माफ करता येतं. तुम्हाला कळलं होतं आणि तरी तुम्ही तोडलीत.

१९२९ च्या २१ ऑक्टोबरला, दिव्याला पन्नास वर्षं झाली त्या दिवशी, अध्यक्ष हूव्हर यांच्यासमोर तुम्ही ८२ वर्षांच्या एडिसनना त्या नव्यानं उभ्या केलेल्या खोलीत बसवलंत, आणि जुना दिवा त्यांच्याच हातून पुन्हा लावून घेतलात. ते ज्या खुर्चीवर बसले ती तुम्ही जमिनीला खिळे ठोकून कायमची तिथं ठेवलीत. सगळं हुबेहूब आहे, फक्त आमची जमीन कधी इतकी स्वच्छ नव्हती, असं एडिसन त्या वेळी म्हणाल्याचं सांगतात. ते ऐकून लोक हसले असतील. मला त्यात एका म्हाताऱ्या माणसाचं परकेपण ऐकू येतं. फळ्या त्याच, बाटल्या त्याच, खालची मातीही तीच, आणि तरी हे आपलं नाही, हे त्याला पाऊल ठेवताक्षणी जाणवलं असणार.

माझं माहेर पुणे जिल्ह्यातलं, इंदापूर तालुक्यातलं पळसदेव. भीमेवर उजनीचं धरण झालं, १९८० च्या सुमारास पाणी चढलं आणि आमचं गाव उठलं. घरं, वाडे, शेतं गेली. पळसनाथाचं जुनं देऊळ पाण्यात राहिलं. दुष्काळाच्या साली पाणी ओसरलं की शिखर वर येतं, आणि नव्या गावातली म्हातारी माणसं काठावर उभी राहून लेकरांना बोटानं दाखवतात, तिथं आपलं घर होतं, तिथं पार होता, तिथून नदीला उतरायची वाट होती. माझे वडील इथं आले तेव्हा मी त्यांना क्रिस्टी स्ट्रीटवर नेलं. स्मारकाचा उंच मनोरा त्यांनी मान वर करून पाहिला, शेजारच्या छोट्या संग्रहालयातला फोनोग्राफ पाहिला, आणि मग साधेपणानं विचारलं, "आणि ती खोली कुठली गं, दिवा लागला ती?" मी सांगितलं, हजार किलोमीटरवर आहे. त्यांना आधी ते खरंच वाटेना. मग म्हणाले, "आम्ही उठलो, पण देव जागेवर राहिला. इथं माणसं बसलेली आहेत आणि देवच उचलून नेला."

तुमच्या वतीनं कुणी अबू सिंबेलचा दाखला देईल. नाईलवरच्या आस्वान धरणासाठी १९६४ ते १९६८ या काळात रामसेसचं ते अजस्र मंदिर करवतीनं कापून तुकड्यातुकड्यानं सुमारे ६५ मीटर वर चढवलं. बरोबर आहे. पण ते त्याच नदीच्या काठी, त्याच सूर्याकडे तोंड करून पुन्हा बसवलं. पाणी येणार होतं म्हणून हलवलं, आणि हलवावं लागेल तेवढंच. त्याच मोहिमेतलं देंदूरचं देऊळ इजिप्तनं अमेरिकेला भेट दिलं. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये काचेच्या दालनात ते मी पाहिलं आहे, आणि देणाऱ्यानं दिलेलं आहे म्हणून तिथं मन शांत राहतं. अथेन्सला मात्र राहत नाही. लॉर्ड एल्गिननं पार्थेनॉनवरून उतरवलेली शिल्पं ब्रिटिश पार्लमेंटनं १८१६ साली विकत घेतली. ती आजही लंडनमध्ये आहेत, आणि अथेन्सच्या नव्या संग्रहालयात त्यांच्या रिकाम्या जागी पांढऱ्या प्लॅस्टरच्या प्रतिकृती बसवल्या आहेत. आम्हा महाराष्ट्रातल्या माणसांना ती जखम परकी नाही. अजिंठ्याच्या भिंतीवरून काढलेला चित्राचा एक तुकडा बोस्टनच्या कलासंग्रहालयात आहे. अजिंठ्याला उभं राहून वाघूर नदीचं वळण पाहिलेल्या माणसाला त्या तुकड्यासमोर काय होतं ते सांगणं अवघड आहे.

आणि तुम्ही एकदा करून थांबला नाहीत. १९३७ साली डेटनहून राइट बंधूंचं घर आणि सायकलचं दुकानही डिअरबॉर्नला आणलंत. इतिहास एका ठिकाणी, चालत फिरून बघता यावा, ही तुमची हौस. ऑरव्हिल राइट यांनी त्या कामी तुम्हाला मदत केली, हे मला मान्य आहे. पण डेटनच्या मुलानं आपल्या गल्लीत उभं राहून "इथं" म्हणायचं ते कुठं?

दुसरी वाट तुमच्या डोळ्यांसमोर होती. वेस्ट ऑरेंजची १८८७ ची प्रयोगशाळा इथून तासाभराच्या आत आहे. ती आहे तिथंच राहिली, आज राष्ट्रीय उद्यान खातं ती सांभाळतं, आणि ग्रंथालयातलं एडिसनचं टेबल ज्या मजल्यावर होतं त्याच मजल्यावर आहे. तुमच्याकडे पैसा होता, माणसं होती, अमेरिकेच्या अध्यक्षांना बोलावण्याइतकं वजन होतं. ती गोळा केलेली प्रत्येक फळी क्रिस्टी स्ट्रीटवरच पुन्हा उभी करता आली असती. अध्यक्षही इथंच आले असते.

तुम्ही प्रयोगशाळा नेल्यावर या गावानं जे जमलं ते केलं. १९२९ मध्ये उभारलेला लोखंडी मनोरा वादळानं पाडला, तेव्हा सिमेंटचा १३१ फुटी मनोरा बांधला. त्याच्या टोकावर काचेचा प्रचंड दिवा आहे. ११ फेब्रुवारी १९३८ ला, एडिसनच्या वाढदिवशी, तो लोकांना अर्पण झाला. १९५४ साली लोकांनी मतं देऊन गावाचं रॅरिटन हे नाव बदललं आणि एडिसन केलं. नंतर आमच्यासारखे आले. ओक ट्री रोडवर आज साड्यांची, मिठाईची, सोन्याची दुकानं आहेत, गणपतीत इथं ढोल वाजतात. आमची मुलं इथं जन्मली. त्यांच्या शाळेच्या दाखल्यावर, घराच्या पत्त्यावर त्या माणसाचं नाव आहे. गाव आम्हाला मिळालं, नाव मिळालं, आणि ज्या खोलीमुळे ते नाव पडलं ती खोली दुसऱ्या राज्यात तिकीट काढून बघावी लागते.

प्रयोगशाळा परत पाठवा असं मी म्हणत नाही. आता ती तिथं शंभर वर्षांची होत आली, तिथल्या मुलांच्याही आठवणी तिला चिकटल्या आहेत, आणि पुन्हा उखडणं हा पुन्हा तोच अपराध होईल. मागणं एवढंच आहे, आणि ते तुमच्या पश्चात तुमचं संग्रहालय सांभाळणाऱ्यांनी ऐकावं. तुम्ही सात डबे माती नेलीत. त्यातला एक आमच्या टेकडीला परत द्या. प्रयोगशाळा जिथं होती तिथं ती पसरू, आणि मुलांना सांगू की चपला काढून उभे राहा.

आपली,
क्रिस्टी स्ट्रीटजवळ राहणारी एक पळसदेवकर
एडिसन, न्यू जर्सी