अर्धवर्षाचा ताळेबंद

दिवाळीची सुटी संपून दुसरे सत्र सुरू झाले, की हिमायतनगरसारख्या तालुक्याच्या गटशिक्षणाधिकाऱ्यापुढे दोन हिशेब असतात. पहिला आनंदाचा: स्पर्धा, बक्षिसे, स्नेहसंमेलने. दुसरा चिंतेचा: शिक्षकांची रिक्त पदे आणि आईबापांबरोबर ऊसतोडीला वा वीटभट्टीवर गेलेली मुले. सरकार पहिल्याची छायाचित्रे मागवते. दुसरा फायलीत पडून राहतो.

2024 मध्ये 'मुख्यमंत्री माझी शाळा, सुंदर शाळा' अभियानात राज्यातील पहिल्या शाळेसाठी 51 लाखांचे बक्षीस ठेवण्यात आले. शाळा सुंदर असावी, याविषयी वाद नाही. परंतु त्याच वर्षी, तेही शिक्षकदिनी, कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा शासन निर्णय निघाला. शिक्षक रस्त्यावर उतरले. अखेर 2025 मध्ये तो रद्द करावा लागला. भिंतींना बक्षीस आणि शिक्षकाला कंत्राट, हे कोणते अर्थशास्त्र?

2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचे 26 वे कलम मंजूर पदांपैकी 10 टक्क्यांहून अधिक पदे रिक्त ठेवू देत नाही. 9 वे कलम स्थलांतरितांच्या मुलांच्या प्रवेशाची जबाबदारी स्थानिक प्राधिकरणावर टाकते. ही याचना नव्हे, कायद्याने मान्य केलेले देणे आहे. शिक्षकभरतीचा अधिकारच नसलेल्या तालुक्याच्या अधिकाऱ्याला धारेवर धरून ते फिटणार नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी गावोगावच्या शाळा व्यवस्थापन समित्यांतून तीन आकडे गोळा करावेत: मंजूर पदे किती, भरलेली किती, दिवाळीनंतर गाव सोडून गेलेली मुले किती? आणि त्यांचा जाब जिल्हा परिषदेत व मंत्रालयात मागावा.