नवा चहा, हुरडा आणि साखर

जपानमध्ये एप्रिलचा शेवट आणि मेचा आरंभ या सुमारास चहाच्या मळ्यांतून वर्षातील पहिली खुडणी होते. या पहिल्या कोवळ्या पानांपासून जो हिरवा चहा तयार होतो, त्यास तेथे 'शिंचा' म्हणजे नवा चहा असे म्हणतात. फेब्रुवारीच्या आरंभी येणाऱ्या त्यांच्या वसंतारंभापासून मोजलेला अठ्ठ्याऐंशीवा दिवस १ किंवा २ मेच्या सुमारास पडतो. त्या दिवशी खुडलेल्या पानांचा चहा घेतला असता वर्षभर आरोग्य लाभते, अशी तेथील लोकांची जुनी श्रद्धा आहे. नवा चहा बाजारात आला की लोक तो आवर्जून घेतात, आप्तेष्टांना भेट म्हणून पाठवितात आणि दोन-चार आठवडे त्याचेच कौतुक करतात. मळेवाल्याच्या वर्षाच्या कमाईचा मोठा भागही या पहिल्या खुडणीतूनच येतो. नंतरच्या खुडण्यांना तो भाव नाही.

हे कौतुक निव्वळ भाबडेपणाचे नाही. चहाचे झुडूप हिवाळाभर विसावलेले असते. त्या काळात मुळांकडून साठविलेले सत्त्व वसंतात फुटणाऱ्या पहिल्या पालवीत उतरते. चहाला मृदू गोडवा देणारे थिआनिन नावाचे द्रव्य या पालवीत भरपूर असते. पुढे ऊन चढू लागले की याच द्रव्यापासून तुरटपणा आणणारी द्रव्ये तयार होतात आणि उन्हाळी पाने अधिक कडवट लागतात. म्हणूनच पाने वेळेवर खुडावी लागतात, खुडताच वाफवावी लागतात आणि तो चहा करतानाही उकळते पाणी न वापरता ते सत्तर अंशांच्या आसपास निवू द्यावे लागते. दूध आणि साखर यांचा तर प्रश्नच नाही. एइसाई नावाच्या बौद्ध भिक्षूने ११९१ साली चीनमधून चहाचे बी आणले आणि १२११ साली चहाच्या आरोग्यगुणांवर ग्रंथ लिहिला, तेव्हापासून हा संस्कार त्या समाजात मुरत आला आहे. १९०१-०२ साली भारतात येऊन राहिलेले ओकाकुरा काकुझो यांनी १९०६ साली चहावर जे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध केले, त्यामुळे तो जगालाही परिचित झाला.

बीडच्या वाचकाला हे सारे सांगण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणी विचारील. आपल्याकडे चहा पिकत नाही. आपला चहा म्हणजे शाळेच्या मधल्या सुटीत अथवा कचेरीच्या दारातल्या टपरीवर घेतलेला, भरपूर उकळलेला आणि भरपूर साखरेचा घोट. त्यात पहिल्या खुडणीचे काय आणि शेवटच्या खुडणीचे काय! परंतु प्रश्न चहाचा नाहीच. मातीतून वर्षाचा पहिला घास हाती येतो, तेव्हा थोडे थांबून, चार माणसे जमवून तो कृतज्ञतेने चाखावा, ही वृत्ती महत्त्वाची. ती आपल्यापाशी आहे काय? आहे. तिचे नाव हुरडा.

परतीच्या पावसाची ओल धरून ठेवणाऱ्या काळ्या रानात सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बी ज्वारी पेरली जाते. डिसेंबर सरता सरता कणसे भरू लागतात. दाण्यातले दूध आटलेले असते, पण दाणा अजून टणक झालेला नसतो, अशी एक मधली अवस्था येते. त्या अवस्थेत दाण्यात शर्करा असते. पुढे तिचे पिठूळ द्रव्यात रूपांतर होते आणि हुरड्याची ज्वारी होते. म्हणजे जपानी पालवीप्रमाणे इथेही निसर्गाने एक छोटी फट उघडी ठेवलेली असते. एका शेतात ती जेमतेम आठदहा दिवस टिकते. ज्याने ती साधली त्याला हुरडा मिळाला. ज्याची ती चुकली त्याने पुढल्या वर्षाची वाट पाहावी.

थंडीच्या सकाळी बांधाजवळ आगटी पेटवावी, गवऱ्यांचा विस्तव फुलला की त्यात कणसे खुपसावीत, आणि कोणी जाणत्याने ती गरम कणसे हातावर चोळून फुंकर घालून घोंगडीवर बसलेल्यांच्या पुढे दाणे टाकावेत. सोबत शेंगदाण्याची किंवा लसणाची चटणी, गूळ, दही, आणि जवळच्या पाटीत बोरे व हरभऱ्याचे डहाळे. गुळभेंडी, सुरती, कुचकुची या हुरड्याच्या वाणांची नावे सांगणारी माणसे अजून आपल्या गावांत आहेत. आपल्या विद्यापीठांनीही या चवीची दखल घेतली आहे. राहुरीच्या कृषी विद्यापीठाने 'फुले उत्तरा' आणि 'फुले मधुर' हे हुरड्याचे वाण दिले, परभणीच्या विद्यापीठाने 'परभणी वसंत' दिला. मार्गशीर्ष अमावास्येला लातूर-धाराशिवाकडे आणि आपल्या अंबाजोगाई-परळीच्या बाजूला येळवस साजरी होते. त्या दिवशी घरेच्या घरे रानात जाऊन उभ्या ज्वारीत जेवतात. जपानी माणसाचा अठ्ठ्याऐंशीवा दिवस आणि आपली येळवस यांचे नाते फार दूरचे नाही.

एक फरक मात्र ध्यानात घेण्याजोगा आहे. जपानी नवा चहा हा बाजारातील सर्वांत मोलाचा चहा. आपला हुरडा पिढ्यान्‌पिढ्या विकण्याचा पदार्थ नव्हताच. तो बोलावून खाऊ घालण्याचा पदार्थ होता. "हुरडा खायला या" हे निमंत्रण शाळेच्या गुरुजींना, तलाठ्याला, शेजारच्या गावच्या पाहुण्याला जाई. त्या आमंत्रणात सारेच समान होते असे म्हणण्याचा भाबडेपणा करू नये. ज्याला रान नव्हते, ज्याने थंडीत माळ्यावर बसून गोफणीने पाखरे राखली, त्याच्या वाट्याला घोंगडीवरची जागा प्रत्येक वेळी आलीच असे नाही. तथापि तो निदान त्या रानात होता, त्या धुराच्या वासात होता. आज प्रश्न निराळा आणि अधिक कठीण झाला आहे.

बीड जिल्ह्यातून दसरा-दिवाळीच्या सुमारास लाखोंच्या संख्येने माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. आष्टी, पाटोदा, शिरूर, गेवराई, केज, धारूर, वडवणी या तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवरून ट्रॅक्टर भरून नवरा-बायकोच्या जोड्या, म्हणजे त्या धंद्याच्या भाषेत एकेक 'कोयता', कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर आणि कर्नाटकातील बेळगावपर्यंत जातात. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडीपर्यंत परत फिरण्याची सोय नसते. गाळपाचा हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. आता या कालावधीवर आपल्या हुरड्याचे दिवस मांडून पाहावेत. ज्या दोन-तीन एकरांत जाण्यापूर्वी घाईघाईने ज्वारी पेरली, त्या ज्वारीची कणसे भरतात तेव्हा पेरणारा कोपीत असतो. ती काढली जाते तेव्हाही तो कोपीतच असतो. म्हातारी माणसे आणि शाळकरी नातवंडे यांच्यासाठी आगटी पेटते, नाही असे नाही. पण ज्यांच्या हातांनी पेर झाली, त्या हातांना कणीस चोळण्याचा योग येत नाही.

या जिल्ह्यातील शिक्षकांना हे सांगण्याची आवश्यकता नाही. दिवाळीनंतर हजेरीपटावर उमटणारी रिकामी घरे ते दरवर्षी पाहतात. मागे राहणाऱ्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहांची योजना आहे. ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे महामंडळ स्थापन झाले आहे. त्यांच्या कामगिरीची चर्चा स्वतंत्रपणे व्हावयास हवी. येथे एवढेच नमूद करावयाचे की, आपण टपरीवर ज्या चहाचा घोट घेतो, त्यातील साखरेचा ऊस आपल्याच जिल्ह्यातील माणसांनी तोडलेला असण्याचा संभव फार मोठा आहे. जपानी माणूस आपला नवा चहा साखरेवाचून पितो. आपला चहा मात्र कोणाच्या तरी चुकलेल्या हुरड्याने गोड होतो.

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. दुष्काळी जिल्ह्यात, जेथे पिण्याच्या पाण्याचे टँकर मोजावे लागतात, तेथे हुरड्याच्या चवीची चर्चा म्हणजे पोट भरलेल्यांची चैन होय, असे म्हटले जाईल. हा आक्षेप वरवरचा नाही. १९७२ च्या दुष्काळात रेशनवरील तांबडा मिलो खाल्लेली माणसे आजही आपल्यात आहेत. मिलो हीदेखील ज्वारीच. परंतु ती परक्या रानातली, दुसऱ्याच्या दयेने आलेली आणि पोटाची खळगी भरण्यापुरतीच चवीची. त्या पिढीला विचारून पाहावे. हुरडा ही चैन आहे असे ती म्हणणार नाही. आपल्या रानातले धान्य आपल्या हाताने, पिकण्याच्या वेळी, आपल्या माणसांत बसून खाता येणे हीच दुष्काळ सरल्याची खूण, असे ती सांगेल. माणसाला आपल्या घरी राहून जगता येते की नाही, हे मोजण्याचे याहून साधे माप मला तरी ठाऊक नाही.

शिवाय हा प्रश्न भावनेचाच नाही, शेतीच्या हिशोबाचाही आहे. रब्बी ज्वारी जमिनीतील ओलीवर येते, माणसाला भाकरी आणि जनावराला कडबा देते. ऊस वर्षभर पाणी मागतो. असे असता आपल्या अवर्षणप्रवण जिल्ह्यातही धरणाच्या पाण्याखाली ऊस आला आणि कोरडवाहू रानात सोयाबीन व कापूस वाढला, यात शेतकऱ्याचा दोष काढणे अन्यायाचे होईल. ज्वारीची काढणी अतिशय कष्टाची, तिला लागणारी माणसे नेमकी त्याच दिवसांत उसाच्या फडात, आणि एवढे करून भावाचा भरवसा नाही. रेशनवर वर्षानुवर्षे गहू-तांदूळ मिळत गेल्याने भाकरी घरातूनही मागे सरली. संयुक्त राष्ट्रांनी २०२३ हे वर्ष भरडधान्यांचे म्हणून साजरे केले. व्याख्याने झाली, प्रदर्शने झाली. परंतु प्रदर्शनातली ज्वारी आणि बांधावरची ज्वारी यांची गाठ क्वचितच पडली.

एका ठिकाणी मात्र ज्वारीला भाव आला आहे, आणि तो हुरड्यालाच. पुण्यासारख्या शहरांभोवती आणि हमरस्त्यांवर हुरडा पार्ट्या भरतात. माणशी पैसे घेऊन आगटीचा धूर, बैलगाडीची फेरी आणि पिठल्या-भाकरीचे जेवण दिले जाते. याची चेष्टा करण्याची पद्धत आहे. ती मला पटत नाही. दाण्याच्या भावाने न परवडणारी ज्वारी हुरड्याच्या भावाने परवडत असेल, तर ती शेतकऱ्याच्या हिताचीच गोष्ट आहे. जपानी मळेवालाही पहिल्या खुडणीच्या भावावरच तगून आहे. त्याची पोरेही शहराकडे निघालीच आहेत, तरी त्या भावाने मळा टिकवून धरला आहे. मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळाले ते तिच्या नावाला किंमत आहे म्हणूनच. आक्षेप एवढाच की, हुरड्याला मोल आले आणि नेमके त्याच दिवसांत बीडचा शेतकरी ते मोल घेण्यास आपल्या रानात हजर नाही.

मग करावयाचे काय? मोठ्या घोषणांचा हा विषय नाही. पहिली गोष्ट, ज्वारीची खरेदी हमीभावाने आणि वेळेवर व्हावी, आणि ती ज्वारी याच जिल्ह्याच्या रेशन दुकानांत व शाळांच्या पोषण आहारात यावी. दुसरी, हुरड्याचे सुधारित वाण कोरडवाहू गावांतील महिलांच्या बचत गटांपर्यंत पोहोचावेत आणि हुरड्याच्या विक्रीची व्यवस्था गटाच्या हाती राहावी. तीन महिन्यांची उचल ज्या घराला टाळता येईल, त्या घराची एक जोडी तरी गावात राहील. अशा दहा घरांनी जिल्ह्याचे स्थलांतर थांबणार नाही, हे उघड आहे. पण ज्या दहा घरांचे थांबेल, त्यांच्या मुलांची नावे हजेरीपटावर टिकतील. तिसरी गोष्ट शिक्षकांच्या हातातील आहे. जानेवारीतील एखाद्या शनिवारी शाळेने मुलांना, विशेषतः हंगामी वसतिगृहातील मुलांना, गावातल्याच एखाद्या रानात हुरड्याला न्यावे. दाण्यातील साखरेचे पीठ कसे होते हा विज्ञानाचा धडा तेथे शिकवावा, आणि ही कणसे कोणी पेरली होती हेही मुलांना विचारावे. उत्तर त्यांना पुस्तकात शोधावे लागणार नाही.

हुरडा वाळवून ठेवण्याची रीत आपल्याकडे जुनी आहे. ऊसतोडीला गेलेल्यांच्या घरी म्हातारी आगटीतून निघालेले दाणे उन्हात वाळविते आणि डब्यात झाकून ठेवते. पाडव्याच्या सुमारास, कधी त्याच्याही नंतर, ट्रॅक्टर वस्तीवर परततात, तेव्हा तो डबा उघडला जातो. लिंबाला नवी पालवी फुटलेली असते आणि बीडच्या कित्येक घरांत वसंतातला पहिला घास म्हणून तो वाळलेला हुरडा वाटला जातो. त्यात म्हातारीची माया असते, पण ओला गोडवा उरलेला नसतो. तो गोडवा ज्यांच्या हक्काचा आहे त्यांना तो त्यांच्या रानात, त्याच्या दिवसांत मिळावा, एवढीच मागणी आहे. ती फार मोठी आहे असे कोणास वाटत असेल, तर त्याने पुढचा चहा घेताना साखर घालण्यापूर्वी क्षणभर थांबावे.