किल्ली देण्यापूर्वी कागद करा

आपल्यापैकी काही कुटुंबांनी पै पै साठवून एखादी खोली अधिक बांधली आहे व ती भाड्याने देण्याचा त्यांचा विचार आहे. त्यांना आमचे पहिले सांगणे असे की, तोंडी बोलीवर किल्ली देऊ नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 प्रमाणे करार लेखी व नोंदलेला असला पाहिजे, आणि ती जबाबदारी घरमालकाची आहे, भाडेकरूची नव्हे. नोंदणी नसेल तर भाडेकरू सांगेल त्याच अटी, विरुद्ध पुरावा येईपर्यंत, खऱ्या धरल्या जातात. शिवाय तीन महिन्यांपर्यंत कैद वा 5,000 रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही. नोंदणीचा खर्च वाचविणारे गृहस्थ पुढे कोर्टाच्या पायऱ्या झिजविताना आम्ही नित्य पाहतो.

भाड्याची पावती दर वेळी द्यावी. रागाच्या भरात नळ वा वीज तोडू नये; कलम 29 ने ते मना आहे. लिव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही माणूस निघत नसेल तर कलम 24 खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करावा.

आणि खोली पाहावयास आलेल्याला जात विचारू नका. तो प्रश्न आपल्या वडीलधाऱ्यांना किती दारांत ऐकावा लागला, हे आपणांस ठाऊक आहेच. विचारावयाचे ते कामधंदा काय, माणसे किती, व मागील घर का सोडले.