पथ्य आणि शिधा

मधुमेह्याला पथ्याचा उपदेश करणे सोपे आहे. ते पाळता येईल अशी परिस्थिती निर्माण करणे कठीण. २५ मार्च २०२० पासून देशभर लागू झालेल्या टाळेबंदीने हा भेद उघड केला. सकाळचा फेरफटका थांबला, भाजीबाजार विस्कळीत झाला आणि धास्तीने साठविलेला तांदूळ, रवा, पोहे यांवर घरोघरची चूल चालू लागली. हालचाल घटली व पिष्टमय अन्न वाढले, म्हणजे रक्तातील साखर वाढावयाचीच; हे सांगावयास वैद्य नको.

आमच्या वाचकांपुढे निदान निवड होती. शिधापत्रिकेवर जगणाऱ्यापुढे तीही नव्हती. त्या वर्षी एप्रिलपासून केंद्र सरकारने माणशी दरमहा ५ किलो धान्य फुकट दिले व लक्षावधींची उपासमार टाळली, याचे श्रेय त्यास दिलेच पाहिजे. परंतु जोडीला साऱ्या कुटुंबास डाळ वा हरभरा मिळाला तो महिन्याकाठी अवघा १ किलो. मे २०२१ मध्ये योजना पुन्हा सुरू झाली तेव्हा तोही वगळला गेला. पोट भरणे आणि पोषण होणे या दोन गोष्टी एक नव्हेत.

त्याच वर्षी काळ्या बुरशीने महाराष्ट्रात थैमान घातले. कित्येकांचे डोळे गेले, कित्येक दगावले. स्टिरॉइडांचा सढळ वापर हे त्याचे एक कारण होते. सारा दोष आहाराचा होता, असे आम्ही म्हणत नाही. तथापि ज्यांची साखर आटोक्याबाहेर होती त्यांनाच या रोगाने प्रामुख्याने गाठले, हे विसरून चालणार नाही.

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय अनुसंधान परिषदेच्या पाहणीने देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींवर ठरविली. ज्या आपत्कालीन योजनेत या १० कोटींचा विचार नाही, तिला योजना म्हणावे तरी कसे? टाळेबंदीत ५ रुपयांच्या शिवभोजन थाळीत पोळी-भाताबरोबर वाटीभर भाजी व वाटीभर वरण मिळत असे. थाळीत जे साधले ते शिध्यात का साधू नये? डाळ, कडधान्ये, दारोदार भाजी आणि औषधांचा अखंड पुरवठा यांची तजवीज साथ येण्यापूर्वीच व्हावयास हवी.

रुग्णांनीही एक पथ्य पाळावे. साखर वाढेल या भीतीने जेवण टाळू नये. इन्शुलिन वा गोळ्या घेणाऱ्याची साखर उपाशीपोटी एकाएकी उतरू शकते, आणि ते तितकेच घातक असते. संयम हा रुग्णाचा धर्म खरा. पण त्याच्या ताटात योग्य अन्न पोहोचविणे हा शासनाचा धर्म आहे.