कोणास बोलावयाचे आहे?

रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात पोशीर नावाचे गाव आहे आणि त्याच नावाची नदीही आहे. भातशेतीच्या ह्या मुलखातील इतर गावांप्रमाणे पोशीरलाही ग्रामपंचायत आहे. ग्रामपंचायतीच्या सभासदाला निवडून यावे लागते. ग्रामसभेचा सभासद होण्यास मात्र निवडणूक लढवावी लागत नाही. मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक स्त्री-पुरुष तिचा सभासद असतोच. विधानसभेत गावकरी आपला प्रतिनिधी पाठवतो. ग्रामसभेत तो स्वतः बसतो, स्वतः विचारतो आणि स्वतः हात वर करतो. ही रीत एका सबंध राज्याच्या कारभाराला लावून पाहण्याचे धाडस अडीच हजार वर्षांपूर्वी अथेन्सच्या ग्रीकांनी केले.

इसवी सनापूर्वी ५०८ च्या सुमारास क्लेइस्थेनीस नावाच्या मुत्सद्द्याने अथेन्सच्या राज्याची नवी घडी बसवली. तोवर तेथे थोर घराण्यांचा वरचष्मा होता. क्लेइस्थेनीसने घराण्यापेक्षा गावाला महत्त्व दिले. राज्यातील सुमारे १४० गावे आणि वस्त्या हे कारभाराचे मूळ घटक ठरले. अशा घटकाला ग्रीक लोक ‘देमोस’ म्हणत. त्याच शब्दाचा दुसरा अर्थ ‘लोक’ असा होता, आणि लोकशाहीचे ग्रीक नाव ‘देमोक्रातिया’ हे त्यावरूनच आले. प्रत्येक देमोसची स्वतःची सभा असे, नागरिकांची नोंदवही असे आणि ‘देमार्क’ नावाचा गावप्रमुख असे. माणसाच्या नावाला गावाचे नाव जोडण्याची चालही तेव्हाच दृढ झाली. प्रख्यात नेता पेरिक्लीस हा खोलार्गोस गावचा. तो महाराष्ट्रात जन्मला असता, तर लोकांनी त्याला खोलार्गोसकरच म्हटले असते!

सर्व राज्याची सभा अथेन्समधील प्निक्स टेकडीवर उघड्या आकाशाखाली भरे. आरंभी पुकारा करणारा उभा राही आणि मोठ्याने विचारी, “कोणास बोलावयाचे आहे?” मग शेतकरी, कुंभार, चर्मकार, नावाडी, ज्या नागरिकाला म्हणून सांगण्यासारखे असेल, तो उठे. त्याला कूळ विचारले जात नसे. ग्रीकांनी जगाला मतदान दिले असे पुष्कळदा म्हटले जाते. परंतु त्यांची खरी देणगी हा प्रश्न होय. मत देताना माणूस केवळ होय किंवा नाही म्हणतो; बोलावयास उठलेला माणूस इतरांचे मत पालटू शकतो.

सभेला यावयाचा कंटाळा तेथेही होताच. बाजारात गप्पा मारीत रेंगाळणाऱ्यांना हाकून सभेकडे नेण्यासाठी लाल रंगात भिजवलेला दोर वापरीत. ज्याच्या वस्त्राला रंग लागे, त्याची फजिती होई. अ‍ॅरिस्टोफेनीस नावाच्या नाटककाराने इसवी सनापूर्वी ४२५ मध्ये ह्या दोराची रंगभूमीवर थट्टाही केली.

ह्या सभेची एक कसोटीची घटका इतिहासात नोंदलेली आहे. लेस्बॉस बेटावरील मितिलिनी नगराने अथेन्सविरुद्ध बंड केले होते. ते मोडल्यावर, इसवी सनापूर्वी ४२७ मध्ये, संतापलेल्या सभेने ठरवले की, तेथील सर्व प्रौढ पुरुषांना ठार करावे आणि स्त्रियांना व मुलांना गुलाम करावे. हुकूम घेऊन गलबत निघालेही. रात्र उलटली आणि लोकांचा राग ओसरला. दुसऱ्या दिवशी सभा पुन्हा भरली. डिओडोटस नावाचा गृहस्थ उठला आणि त्याने दयेची याचना न करता, ही कत्तल अथेन्सच्याच अहिताची कशी आहे, हे शांतपणे मांडले. हात मोजले गेले. दोन्ही पक्ष जवळजवळ सारखे भरले, पण डिओडोटसचा जिंकला. तत्काळ दुसरे गलबत सुटले. वल्हवणारे वल्हवता वल्हवताच खात होते आणि आळीपाळीने झोपत होते. पहिला हुकूम वाचून होतो न होतो, तोच ते मितिलिनीस पोहोचले आणि नगर वाचले. बंडाच्या प्रमुखांना मात्र मृत्युदंड झालाच. लोकसभा क्रूरही होऊ शकते आणि स्वतःला सावरूही शकते, हे दोन्ही एकाच दिवसाच्या अंतराने दिसले.

तथापि “कोणास बोलावयाचे आहे?” हा प्रश्न अथेन्समधील बहुसंख्य माणसांसाठी नव्हताच. स्त्रिया, गुलाम आणि परगावाहून येऊन राहिलेले लोक ह्यांना सभेत स्थान नव्हते. ग्रीकांचे गुणगान करताना ही गोष्ट झाकून ठेवणे योग्य नव्हे. पण त्यांना हसणेही शोभत नाही. रायगड जिल्हा कुलाबा म्हणून ओळखला जात होता, त्या काळात महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे अस्पृश्यांना खुले असल्याचा ठराव केला. ठराव कागदावर राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर सहस्रावधी अनुयायांसह तळ्यावर गेले आणि पाणी प्याले, तेव्हा कुठे त्या शब्दांत प्राण आला.

आज कायद्याने कोणी बाहेर नाही. ग्रामसभेच्या आधी स्त्रियांची वेगळी सभा घेण्याचाही नियम आहे. उणीव आहे ती माणसांची. गणपूर्तीसाठी शेकडा पंधरा किंवा शंभर मतदार, ह्यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढे पुरतात. तेही न आले तर सभा तहकूब होते आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. म्हणजे मूठभरांनी केलेला ठराव गावाचा ठराव ठरू शकतो. लाल दोर आता नाही, इतकेच.

पोशीर नदीवर कुरुंग गावाजवळ धरण बांधण्यास राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली मान्यता दिली. मुंबईच्या परिसरातील नगरांना व उद्योगांना पाणी पुरवणे हा त्याचा हेतू आहे. शहराची तहान खोटी नाही. ज्याची जमीन बुडेल त्याचे दुःखही खोटे नाही. धरणाच्या भिंतीची उंची तज्ज्ञ सांगतील, शहराला किती पाणी लागते तेही सांगतील. शेत गेल्यावर घरात काय उणे होईल, हे मात्र ते कसणारा शेतकरी आणि भात लावणारी त्याची पत्नी ह्यांनाच ठाऊक असते. ते त्यांनी सांगावे आणि इतरांनी ऐकावे, ह्यासाठी कायद्याने दिलेली सर्वांत जवळची जागा गावातच आहे, आणि तेथे भरणाऱ्या सभेची सूचना पंचायतीच्या फळ्यावर लागते.