चोचले कसले?

‘शस्त्रक्रियेआधी गाणी ऐकवणे म्हणजे बड्या रुग्णालयांचे चोचले’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटले नाही. अमुक रागाने तमुक रोग बरा होतो, या दाव्यांची त्यांनी उडवलेली टर रास्तच आहे. पण इथे प्रश्न रोगाचा नाही, घालमेलीचा आहे.

ती कमी करायला मिडॅझोलॅम हे औषध शिरेतून देतात. त्याने श्वास मंदावू शकतो, म्हणून लक्ष ठेवावे लागते. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात याच औषधाची संगीताशी थेट तुलना झाली. एखादाच भाग बधिर करण्याचे इंजेक्शन घ्यायला आलेल्या १५७ जणांपैकी काहींना औषध दिले, तर काहींना हेडफोनवर ‘मार्कोनी युनियन’ या बँडची ‘वेटलेस’ ही संथ रचना ऐकवली. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष असा, की चिंता दोन्हीकडे जवळपास सारखीच उतरली. समाधान मात्र औषधवाल्यांचे जास्त होते, आणि हेडफोनमुळे डॉक्टरांशी बोलणे अवघड गेले, हेही त्यात नोंदले आहे.

रचना संशोधकांनी निवडलेली होती. माझ्या मते गोम तिथेच आहे. चष्मा-बांगड्या नातेवाइकांकडे सोपवून, हिरवा गाऊन घालून उपाशीपोटी स्ट्रेचरवर पडलेल्या बाईला ट्रॉलीची खडखड आणि वॉर्डबॉयच्या हाका तेवढ्या ऐकू येतात. भीमसेन लावू की दादा कोंडके, हे तिलाच विचारावे. एका कानात इअरफोन, दुसरा डॉक्टरांसाठी मोकळा. राहिला खर्च, तर मोबाइल बहुधा तिचाच असतो.

– एक वाचक, सातारा